सात पिढ्यांचा आक्षेप

तिसरा परीक्षकही उठला, टोपी सरळ केली आणि खोलीबाहेर गेला.

असेलने कपाळाला हात लावला. ती राजधानीहून आली होती. सरोवराकाठच्या या कला केंद्राला पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेने नवा संचालक निवडायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. अट साधी होती: उमेदवाराशी नातं असेल त्या परीक्षकाने निवडीत बसायचं नाही, आणि नातं आहे की नाही हे प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं. संस्थेच्या मनात सख्खे भाऊ, मेहुणे असावेत. पण इथे शेंबडं पोरही आपल्या सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ म्हणतं. सातव्या बापाशी जुळलं तरी ते नातंच. कागदावर दोन ओळींची जागा होती. अध्यक्ष सादिरबेक, म्हणजे शाळेचे निवृत्त गुरुजी, यांना ती पुरली नाही.

"दोन्ही उमेदवारांशी नातं?" असेलने विचारलं.

"नुर्दिन चौथ्या बापाकडून, कानिशाय सहाव्या. खोटं कशाला लिहू?"

"मग निवडणार कोण, गुरुजी?"

सादिरबेकनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या शेवटच्या परीक्षकाकडे पाहिलं. "ही आहे ना आमची लिदा. हिचं कुणाशीच नातं नाही. लेनिनग्राडच्या आगगाडीतून आलेली पोर."

ते सहजच बोलले. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन इतरांबरोबर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले. खरं लिहिल्यामुळे सगळे खुशीत होते.

लिदा-एजे, म्हणजे लिदाताई, जागची हलली नाही. चाळीस वर्षं तिने या केंद्राच्या नाटकांचे पोशाख शिवले होते. पण 'हिचं कुणाशीच नातं नाही' हे वाक्य बासष्ट वर्षांत गावात कुणी तिच्यादेखत उच्चारलं नव्हतं.

बेचाळीस साली, महायुद्धात, लेनिनग्राडच्या वेढ्यातून सुटलेल्या अनाथ मुलांची गाडी आली, तेव्हा ती चार वर्षांची होती. घोडे राखणाऱ्या जुमाकादिरने तिला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून घरी नेलं. घोडीचं दूध काढता काढता तो आपल्या मुलांकडून सात बाप घोकून घेई. लिदाला त्याने ते कधी शिकवले नाहीत. "हिची माणसं येतील एक दिवस न्यायला," तो म्हणे. "परक्याच्या पोरीच्या डोक्यात आपले बाप कशाला भरू?" माणसं आली नाहीत. जुमाकादिर वारला. शाळेत नावं म्हणायची वेळ आली की लिदा पाणी प्यायला बाहेर जाई. पुढे सोयरीक घेऊन बायका यायच्या, पण 'कुणाची गं तू?' इथेच बोलणं अडायचं. लग्न राहून गेलं.

"एजे, तुम्हीही उठलात तर सगळे कागद राजधानीला जातील," असेल म्हणाली. "तिथे प्रमाणपत्रं मोजतात. नुर्दिनकडे सहा आहेत."

नुर्दिनला केंद्राचं मोठं दालन लग्नाच्या जेवणावळींना द्यायचं होतं. कानिशायकडे एकच प्रमाणपत्र होतं. पण संचालक नसताना दोन हिवाळे छपरावरचा बर्फ तिने स्वतः काढला होता, आणि तालमी एक दिवस बंद पडू दिल्या नव्हत्या.

लिदा-एजेने पेन उचललं. 'नातं' या शब्दापुढे तिला 'नाही' लिहायचं होतं. ती दोन अक्षरं लिहीपर्यंत समोरचा चहा थंड झाला. मग तिने कानिशायची निवड केली.

कानिशाय कोळशाची बादली घेऊन आत आली तेव्हा तिला सांगितलं. "म्हणजे आता छपरावर पगार घेऊन चढायचं?" ती म्हणाली आणि शेगडीत कोळसा घालू लागली.

दहा दिवसांनी असेल परत आली. निवडीवर आक्षेप आला होता. नुर्दिनचे वडील बेकसुलतान, वय ऐंशी, यांनी चार पानं भरून रागाने लिहिलं होतं. लिदा-एजे आणि कानिशायसमोर असेल वाचू लागली.

"'निवड करणारी बाई तटस्थ नाही. तिने खोटं लिहून दिलं आहे. लिदा ही जुमाकादिरची मुलगी. जुमाकादिर सोलपूचा, सोलपू बायजिगितचा, बायजिगित चोन्मुरुनचा, चोन्मुरुन कुदायबेर्दीचा, कुदायबेर्दी एशिमचा, एशिम बोलोतचा. ती माझी चुलत बहीण, माझ्या मुलाची आत्या. कानिशायही याच बोलोतच्या वंशातली. दोघंही हिचीच माणसं. धडधडीत बाप असताना ही बाई नाही म्हणून लिहिते, हिला लाज वाटायला हवी. निवड रद्द करावी.'"

असेलने कागद खाली ठेवला. "घाबरू नका, एजे. हे काही रक्ताचं नातं नाही. 'आक्षेप चुकीचा आहे' एवढं लिहून द्या, निवड कायम राहील. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सगळं. जाहिरात, अर्ज, नवे परीक्षक. आणखी एक हिवाळा जाईल."

लिदा-एजेने कानिशायकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" कानिशाय म्हणाली. "बर्फ काय, पडायचा तो पडणारच. तुम्हाला लिहायचं ते लिहा."

"पुन्हा वाच," लिदा-एजे असेलला म्हणाली. "नावांपासून. सावकाश."

असेलने वाचलं. प्रत्येक नावाला लिदा-एजेचे ओठ हलत होते. सातवं झालं तेव्हा तिने कागद ओढून घेतला आणि तळाशी लिहिलं, 'आक्षेप खरा आहे.' खाली सही केली.

असेलने कागद वळवून वाचला. "मग आधी 'नाही' का लिहिलं होतंत, एजे? मला कारण नोंदवावं लागेल."

"नोंदव की," लिदा-एजे म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं."