मागणीचा अंदाज

"बघा, आलं... आलं... आणि गेलं!" विक्रीप्रमुखांनी हताशपणे पडद्याकडे बोट दाखवलं.

खरंच तसंच झालं. सादरीकरणाच्या प्रोग्रामचं चिन्ह चमकलं, क्षणभर थांबलं आणि गुडूप झालं. संगणक दुरुस्तीला आलेल्या मुलीने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"कधीपासून होतंय असं, सर?"

"सकाळपासून. मी तुमच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, प्रोग्राम उघडत नाही, मुद्दाम तुम्हालाच पाठवा. आणि फोन ठेवून बघतो तर काय, खरंच उघडेना! आणि सर नका हो म्हणू."

"मग काका म्हणू?"

"काका..." त्यांनी जरा विचार केला. "तात्पुरतं चालेल."

तिला हसू आलं. घाबरलेलं गिऱ्हाईक काहीही बोलतं, हे तिला सहा वर्षांच्या नोकरीत चांगलंच ठाऊक झालं होतं. कारखाना खुर्च्यांचा होता, त्यामुळे खोलीत भिंतीला लागून नाना तऱ्हेच्या खुर्च्या मांडलेल्या. पडद्यासमोर मात्र एकच ठेवली होती, हातांची, चकचकीत पुसलेली. एवढ्या खुर्च्या असून हे गृहस्थ स्वतः उभेच होते.

"मीटिंग कितीला आहे?"

"चारला. एकाच व्यक्तीला दाखवायचंय. पण तिने नाही म्हटलं की संपलं. तीन आठवडे खपतोय मी यावर."

घड्याळात सव्वातीन झाले होते. तिने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. चिन्ह चमकलं आणि गेलं. प्रोग्रामला जोडलेले जास्तीचे ॲड-इन सगळे बंद करून पाहिले. पुन्हा तेच. प्रोग्राम काढून नव्याने घातला, त्यात वीस मिनिटं गेली. विक्रीप्रमुख तोवर दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होते.

"विषय काय आहे, काका?" त्यांचं मन रमवायला तिने विचारलं.

"मागणी."

"म्हणजे पुढच्या वर्षी माल किती खपेल, तो अंदाज?"

"माल एकच आहे. जुना आहे, पण न वापरलेला. गोदामातच राहून गेला म्हणा ना. पाय जरा कुरकुरतात."

"लाकूड पक्कं आहे ना? मग झालं तर! जुनं लाकूड उलट चांगलं. मला विचाराल तर, माणूस तीन आठवडे खपतोय म्हणजे माल चांगलाच असणार. मी तर न बघताच सही करीन."

विक्रीप्रमुख येरझारा घालायचे थांबले. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि मग तोच रुमाल त्या चकचकीत खुर्चीवरूनही फिरवला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई होती. वडील गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, मायलेकींचा दुपारी एक फोन ठरलेलाच.

"उघडलं का गं?" आईने विचारलं.

"डब्याचं विचारतेस? अजून नाही. कामात आहे मी."

"बरं बरं. सावकाश. पण नीट बघ हो!" आणि आईने हसतच फोन ठेवला. हल्ली आई भलतीच खुशीत असायची. चष्म्याचा नंबर बदलल्यापासून तिला जग स्वच्छ दिसत असावं, असा लेकीचा कयास होता.

पावणेचार झाले. विक्रीप्रमुखांचा चेहरा पार उतरला होता. ती सेटिंग एकेक करून उघडत होती आणि एका यादीपाशी तिचं बोट थांबलं.

"काका, हा प्रिंटर कुठे आहे?"

"तो? तो कधीच बंद पडला. कालच भंगारात गेला."

"सापडलं! हा प्रोग्राम उघडताना आधी प्रिंटरची चौकशी करतो. पहिल्या नंबरवर अजून तोच आहे. तो काही उत्तर देत नाही, की हा कोसळतो. तुमचा नवा प्रिंटर बिचारा शेजारी नुसता बसून आहे. त्याला पहिल्या जागी लावते."

विक्रीप्रमुख जवळ आले. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. "जुन्याची जागा अशी नव्याने घेतलेली चालते?"

"जागा रिकामीच आहे ना, काका? किती दिवस अडवून ठेवायची? आणि जुन्याचं नाव मी पुसत नाही. ते यादीत राहणारच."

त्यांनी मान डोलावली आणि कितीतरी वेळ डोलावत राहिले.

तिने चिन्हावर क्लिक केलं. चमकलं, थांबलं आणि पडदाभर उघडलं! दोघांनी एकदमच टाळी वाजवली. चारला पाच मिनिटं कमी होती. वेळेत काम झाल्याचा तिला मनापासून आनंद झाला. एवढ्या साध्या माणसाची फजिती झालेली तिला बघवली नसती.

"चला, आता तुमच्या पाहुण्यांना येऊ दे." ती बॅग आवरू लागली.

"बसा ना जरा. एकदा चालवून बघू. मध्येच बंद पडलं तर?"

रास्त होतं. ती त्या चकचकीत खुर्चीत बसली. त्यांनी बटण दाबलं. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'मागणी'. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर तिची आई होती. नवा चष्मा लावून, याच खुर्चीत बसून, पोट धरून हसणारी. खाली लिहिलं होतं, 'मी तुमच्या आईंना मागणी घातली. त्या म्हणतात, मुलगी हो म्हणाली तरच.'

विक्रीप्रमुख भिंतीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले. मग तिचा फोन वाजला.

"उघडलं का गं?"

तिने डोळे पुसले. "उघडलं, आई. सही कुठे करायची, तेवढं विचारते त्यांना."