अंबाडीचा दोर

१९६४ साली, पोळा तोंडावर आला असताना, हिवरखेडच्या शिवारात फवारणीचं विमान पडलं, आणि अकोटच्या पोलिसांनी देवमनला धरून नेलं.

त्या वर्षी कपाशीवर विमानानं औषध मारायचं नवीनच निघालं होतं. विमान अकोल्याहून यायचं. शेताच्या टोकाला पांढरा झेंडा घेऊन एक माणूस उभा राहायचा. झेंड्याच्या रोखानं पायलट अगदी कपाशीला टेकेल इतका खाली येई आणि टोकाशी विमान पुन्हा वर उचले. सूर्यभानजींच्या शेतात झेंडा घेऊन त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, देवमन उभा होता. त्या सकाळी विमान खाली आलं, पण वर उचललं नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीत घुसलं. पायलट थॉमस, केरळचा तरणा पोरगा, जागीच गेला.

सूर्यभानजींनी पंचनाम्यात सांगितलं, "मी पाह्यलं तवा झेंडा खाली पडेल होता."

ते खोटं नव्हतं. विमान वर येत नाही हे दिसताच देवमन झेंडा टाकून विमानाकडे धावला होता. पण झेंडा आधी पडला की विमान, हे कोण सांगणार?

तपासाला कंपनीनं आपलाच माणूस पाठवला. भगवंतराव नाव. मूळचे अमरावतीचे, बोलायला मऊ. गाव म्हणालं, कंपनीचा माणूस कंपनीलाच वाचवणार.

भगवंतराव सूर्यभानजींना घेऊन शेतात गेले. मोडकं विमान त्यांनी फारसं पाहिलंच नाही. सरळ शेपटीकडे गेले, एका फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तारेचा तुटका तुकडा बाहेर ओढला.

"लयच पटकन सापडलं तुमाले," सूर्यभानजी म्हणाले. "हात हाय का चुंबक?"

भगवंतराव हसले नाहीत. तार गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकली.

परतताना ते देवमनच्या घरी थांबले. त्याची आई चतुराबाई ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसली होती. तिनं तांब्याभर पाणी पुढे ठेवलं आणि साहेब ते पितात की नाही हे पाहत राहिली. त्यांनी तांब्या रिकामा केला.

"दोर कोणाचा, बाई?"

"सूर्यभानजीच्या बैलाचा. पोळ्याले नवा लागते."

"ज्यांनी तुमच्या पोराविरुद्ध जबानी दिली, त्यांच्याच बैलाचा?"

"बैलानं कुठी जबानी देल्ली?" चतुराबाई म्हणाली. "आमी बुद्धाचे झालो तवापासून पोळा नाही पूजत. पन दोर बदलाचं नाही सोडलं."

भगवंतरावांनी कोपऱ्यात पडलेला जुना दोर उचलला. त्यावर बोट फिरवलं. "हा तर चांगला आहे."

"वरून समदेच चांगले असतात, साहेब. आतून कुठी झिजला, बोटाले नाही समजत. देवमनचा बाप एका वर्षी म्हने, चालते, राहू दे. उतारावर कासरा तुटला अन् गाडी उलटली. बैल वाचले, मानूस गेला." तिनं दोराला पीळ दिला. "आता सांगा साहेब, माह्या पोराचं का होईन? मले तेवढा एकच हाय."

भगवंतरावांनी जुना दोर परत कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, "पोळ्याला तो घरी असेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाण्यातल्या टेबलावर पिशवीतली तार ठेवली. सगळ्यांदेखत तिचा पीळ उलगडला. बाहेरून चकचकीत, आत तांबूस गंज. बरेचसे धागे आधीच तुटलेले होते.

"या तारेनं विमानाचं नाक वर उचललं जातं," ते फौजदाराला म्हणाले. "ही तुटल्यावर देव बसला असता तरी विमान वर आलं नसतं. पायलटची चूक नाही. झेंड्याचीही नाही. तार वेळेवर बदलायला हवी होती, एवढंच."

त्यांनी तसं लिहून सही केली.

देवमन सुटला. तो पाया पडायला वाकला, तर भगवंतराव झटकन मागे सरले. "माझ्या पाया पडू नकोस," ते म्हणाले, आणि अकोल्याच्या एसटीत जाऊन बसले.

पोळ्याच्या दिवशी सूर्यभानजी स्वतः सजवलेले बैल घेऊन देवमनच्या दारात आले. बैलांना चतुराबाईनंच वळलेले कासरे होते. "चाल बाप्पा, तुह्याशिवाय बैल तोरनात उभे राह्यत नाहीत," म्हणाले. माफी म्हणून ते एवढंच बोलले, आणि तेवढं पुरलं. पुढे ते पिकल्या वयात गेले. खांदा द्यायला देवमन होता. थॉमसच्या आईला पत्र गेलं की पोराचा काही दोष नव्हता. चतुराबाईनं नातवंडं खेळवली आणि ती शेवटपर्यंत दर जेवणाआधी "त्या साहेबाचं भलं होवो" म्हणायची. देवमनला शेतकी खात्यात नोकरी लागली.

भगवंतरावांनी कंपनी सोडली म्हणे, आणि अमरावतीत बडनेरा रोडला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दर पोळ्याला देवमन एसटीनं जाऊन त्यांना अंबाडीचा नवा दोर देई. त्यांच्याकडे बैल नव्हता. तरी ते मागच्या वर्षीचा दोर खुंटीवरून उतरवत आणि नवा टांगत.

ते गेले त्या वर्षीही देवमन दोर घेऊन गेला. त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी तो खुंटीला लावला आणि त्याला चहा दिला.

"एक गोष्ट मले कदीच नाही समजली," देवमन म्हणाला. "साहेबांनी एवढी मोठी नोकरी काहून सोडली?"

"सोडली नाही, गेली," इंदूबाई म्हणाल्या. "विमान पडायच्या आधीच्या महिन्यात अकोल्याला विमान तपासताना त्या तारेवर बोट फिरवून ज्यांनी 'चालेल' म्हटलं होतं, ते हेच."