उस्तादांची नान

"मेला? कधी?" शंभर स्वारांच्या नायकानं उंबऱ्यातूनच विचारलं.

"आठ दिवस झाले. कर्शीला, तापानं," माहबानू म्हणाली. आवाज तिनं सरळ ठेवला. तिचा नवरा, उस्ताद फाझिल, त्या घटकेला चांगला धडधाकट होता आणि ताऱ्यांच्या वह्या खोगिरात शिवून हेरातच्या वाटेला लागला होता. समरकंदचा नवा अमीर म्हणत होता, तारे मोजणं म्हणजे खुदाच्या कारभारात नाक खुपसणं. वेधशाळा पाडून झाली होती, आता मोजणारे हवे होते. फाझिल जिवंत आहे एवढं कळलं, की स्वार त्याला गाठणार.

नायकानं घर पालथं घातलं. हाती काही लागलं नाही. मग भिंतीकडे बघून तो हसला. खुंटीला एक नान टांगलेली होती, कडेला एकच घास चावलेली. खाली माहबानूच्या पोरीनं ओढलेल्या कोळशाच्या रेघा.

"बाई, मला काय दुधखुळा समजलीस? परगावी निघालेला माणूस एक घास खातो, उरलेली नान तो येईपर्यंत टांगून ठेवायची. माझी आईही ठेवते. मेलेल्याची वाट कोण बघतं?"

माहबानूनं नान खाली काढली. ही नान दुसऱ्या कुणी खाल्ली तर माणूस परत येत नाही; आजीपासून सगळ्या हेच सांगत आल्या होत्या आणि तिचा त्यावर पक्का विश्वास होता. फाझिल हसायचा. पण निघताना घास मात्र त्यानं मुकाट्यानं खाल्ला होता.

"काढायचा धीर होत नव्हता, सरदार," ती म्हणाली. दगडासारखी झालेली नान मोडून तिनं तोंडात घातली.

"आई, नको!" नऊ वर्षांची ओयनिसा किंचाळली. "मग अब्बा येणार कसे?"

नायकानं गर्रकन मान वळवली.

"नाही येणार, पोरी," माहबानू चावत चावत म्हणाली. "म्हणून तर खायची. ये, तूही खा."

पोरीनं आईच्या डोळ्यांत पाहिलं. आली, तुकडा घेतला, खाल्ला. शेवटचा कण संपेपर्यंत नायक हलला नाही. मग त्यानं मान खाली घातली, मेलेल्यासाठी दोन शब्द पुटपुटला आणि निघून गेला. टापा बाजाराकडे वळल्या, हेरातच्या वेशीकडे नाही.

तेव्हा कुठे माहबानू मटकन खाली बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "मीच गं! माझ्याच दातांनी त्यांची वाट तोडली!"

ओयनिसा भिंतीवरच्या रेघांकडे बघत होती. शुक्राची चांदणी सूर्याच्या उजेडात शिरली की दिसत नाही, पण हरवत नाही, असं अब्बांनी तिला सांगितलं होतं. कुठल्या पहाटे परत दिसेल तेही आधीच सांगितलं होतं. तिनं रोज एक रेघ ओढली होती, आणि चांदणी त्याच पहाटे दिसली होती.

"आई," ती म्हणाली, "चांदणीसाठी कुणी नान टांगली होती?"