तयार कान

फ्रान्समधल्या स्पर्धेसाठी संगीतावर फुटणारं दारूकाम बसवायची जबाबदारी फटाक्यांच्या कारखान्याच्या शेठनं अनंतावर टाकली. फटाक्यांच्या आवाजानं त्याचे कान कधीच गेले होते, पण हे त्याची बायको कमळ सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. घाटकोपरच्या खोलीत टेप लावून ती त्याच्या पाठीवर ताल धरायची आणि त्या तालावर तो एकेक बार बसवायचा.

"शेठना सांगून टाका ना," ती ओठ सावकाश हलवत म्हणायची.

"मग घरीच बसवतील मला."

पहिलं बक्षीस मिळालं. कारखान्यात सगळ्यांसमोर शेठनं त्याला मिठी मारली.

"पुढच्या वर्षी समोर ऑर्केस्ट्रा वाजेल, तू ऐकत ऐकत उडवायचंस. कबूल?"

मिठीत अनंताला शेठचे ओठ दिसले नाहीत. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून तोही हसून म्हणाला, "हो, शेठ!"