श्यामकांतची मनाई

"नाही म्हणजे नाही," पद्मजाचा नवरा श्यामकांत म्हणाला आणि चहाचा कप लतासमोर ठेवला. "पद्मजा रविवारी कुठेही जाणार नाही."

लतानं कपाला हात लावला नाही.

कॉलेजपासून ती आणि पद्मजा एका दोरावर चढत होत्या. दोघींच्या सरकारी नोकऱ्या, लग्नं, बदल्या झाल्या, तरी थंडीतले रविवार दिल्लीबाहेर, फरिदाबादपलीकडे धौजच्या कातळांवरच जायचे. गेल्या हिवाळ्यात नेहमीच्या सवयीच्या चढावर पद्मजाचा पाय सटकला. दोरानं तिला झेललं, पण झोका बसून घोटा कातळावर आपटला. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं होतं.

पद्मजा खिडकीपाशी उभी होती. बाल्कनीत जायची, परत यायची. खुर्चीत टेकायची, लगेच उठायची. मयूर विहारच्या त्या तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

"बघा तिच्याकडे," लता म्हणाली. "एक मिनिट स्वस्थ बसवत नाहीये तिला. चालतेय तर छान."

"चालणं वेगळं. डॉक्टरांनी मनाई केलीय."

"मग चढू देऊ नका. नुसती येऊन बसेल, ऊन खाईल. होळीनंतर कातळ तापतात, मग सीझन संपलाच."

"बसायलाही नको."

लता पद्मजाकडे वळली. "तू बोल ना यार काहीतरी."

"मला कोण विचारतंय?" पद्मजा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

लताला राहवलं नाही. "श्यामकांत, तुम्हाला भीती वाटते, अच्छा, समजू शकते मी. पण तुमच्या भीतीपायी तिला असं कोंडून ठेवायचं? चढाईच्या ग्रुपमध्ये सगळे काय म्हणतात, माहितीये?"

श्यामकांतचे कान लाल झाले. "काय म्हणतात?"

"जेलर म्हणतात तुम्हाला."

त्यानं चहाचा कप लताकडे आणखी सरकवला. मग म्हणाला, "म्हणू देत."

लता उठली. दारात तिनं पद्मजाला मिठी मारली आणि मुद्दाम श्यामकांतला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सोडणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा येते."

दार लागलं. जिन्यातली पावलं खाली गेली, ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला. पद्मजा मटकन सोफ्यावर बसली. श्यामकांतनं लताचा गार झालेला चहा उचलला.

"दिवाळीतच डॉक्टर म्हणाले होते, पाय पक्का झालाय, बेशक चढा," तो हळूच म्हणाला. "लताला हे कधी सांगणार आहेस?"

पद्मजानं दोन्ही हातांनी घोटा घट्ट धरला.

"डोळे मिटले की अजून पाय सटकतो माझा. पुढच्या रविवारीही तूच नाही म्हण," ती म्हणाली.