उलटा व्ही

बशीत चहा सांडला तरी शलाकाचं लक्ष नव्हतं. आज हॉस्पिटलचा नवा वॉर्ड सुरू झाला म्हणून ऑफिसात तिने काढलेला त्याच्या नळ्यांचा छापील नकाशा भिंतीवर लावला होता आणि तिची नजर समोरच्या रांगेतल्या चौथ्या खाटेवर खिळली होती.

श्वासाच्या हवेच्या नळीला ए, कफ ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीला व्ही. खाटेगणिक या खुणा हाताने टाकताना जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून तिने प्रोग्रॅम लिहिला होता. एक बटण दाबलं, की चाळीस खाटांच्या खुणा आपोआप! साहेबांनी पेढे वाटले होते. पण नकाशात समोरच्या भिंतीसाठी खाटा उलट्या फिरवल्या, तशा त्यांच्याबरोबर खुणाही फिरल्या. बारीक छपाईत उलटा व्ही चक्क ए दिसत होता, आणि उलटा ए व्ही.

तिने साइटवर फिटर सर्जेमामांना फोन लावला. मनाला येईल तसे पाइप फिरवणारा हा माणूस. या वेळी तरी त्याने आपलं ऐकलेलं नसू दे, म्हणून तिने देव पाण्यात घातले.

"मामा, समोरच्या भिंतीच्या नळ्या... तुम्ही बदलून जोडल्यात ना?"

"शंका आलीवती बघा. पण मागल्या खेपेला तुम्हीच झापलं न्हवं, नकाशात हाय तेच करा म्हणून? तसंच केलंय. चौथ्या खाटेवर पेशंटबी आलाय, मास्क लावत्यात आत्ता. तुमची शपथ मॅडम, या टायमाला मी अजिबात डोकं चालवलेलं न्हाई."