पडद्याच्या कोपऱ्यातली बाई

साहेबांनी खिशातून बाटली काढून माईकशेजारी ठेवली, आणि कोपऱ्यातल्या बाईचे हात हवेतच थांबले.

आरोग्यखात्याचे साहेब रोज अकरा वाजता टीव्हीवरून फ्लूच्या साथीची माहिती देत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, एका छोट्या गोलात, काळा सदरा घालून ही बाई उभी असे आणि त्यांचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. बाकी तिच्याकडे बघतंय कोण! स्टुडिओतल्या एकालाही त्या खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

आजचा मजकूर डॉक्टरांच्या समितीने लिहिला होता. सकाळी मेकअपच्या खोलीत, आरशासमोर उभं राहून तिने तो घटवला होता. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाया आणि दमेकरी यांनी तर ताप आल्या आल्याच डॉक्टरकडे जावं. साधी सरळ गोष्ट. साहेबांनी नेमका तोच कागद बाजूला सारला.

"घाबरायचं काही कारण नाही," साहेब म्हणाले. "दवाखान्यात उगाच गर्दी करू नका. घरीच थांबा आणि हा अर्क घ्या. तीन दिवसांत ठणठणीत!"

अर्क साहेबांच्या मेव्हण्याच्या कारखान्यातला होता. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. समितीचे मोठे डॉक्टर साहेबांच्या शेजारीच बसले होते, मूग गिळून, स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत.

बाईची आई जन्मापासून बहिरी, त्यात दमेकरी. परवापासून ती तापाने फणफणत होती. आज न्हाणीपर्यंत जाताना तिला मध्येच भिंत धरावी लागली. पण हट्टी अशी की विचारू नका! दवाखान्याचा विषय निघाला की सरळ तोंड फिरवायची, म्हणजे लेकीच्या खुणा दिसायलाच नकोत. शेवटी सकाळी तिने हातांनी निकाल देऊन टाकला होता, "घरातली तू घाबरट आहेस. टीव्हीतली तू सरकारचं सांगतेस. अकरा वाजता ती जा म्हणाली, तर जाईन."

आता बोला! टीव्हीतलीने काय सांगायचं? घरीच थांब आणि अर्क पी म्हणून?

कॅमेऱ्यामागे निर्माता हात गरागरा फिरवत होता. चालू ठेव, चालू ठेव. दुभाष्याला स्वतःचं मत नसतं, हे त्याने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तिला ते पटतही होतं. इतक्या वर्षांत तिने पदरचा एक शब्द कधी घातला नव्हता. कंटाळवाणं सांगितलं, खोटं वाटलं तेही सांगितलं. पण म्हणून आईला आपल्याच हातांनी मारायचं? त्यापेक्षा नोकरी गेली खड्ड्यात!

तिने हात उचलले.

"हे साहेबांचं बोलणं नाही," तिने खुणांनी सांगितलं. "आता मी बोलतेय. साहेब सांगताहेत ते मानू नका. डॉक्टरांनी लिहून दिलंय ते असं आहे." आणि मग तिने सगळा मजकूर सांगितला, एकही ओळ न गाळता. साहेब अर्काचे गुण गात होते तेव्हा ती धाप दाखवत होती. साहेबांनी बाटली उंचावली तेव्हा ती दवाखान्याचा रस्ता दाखवत होती. शेवटी तिने कॅमेऱ्यात रोखून पाहिलं. "आई, ऊठ. शेजारच्या काकांना सोबत घे आणि नीघ. मी येतेच."

कार्यक्रम संपला. साहेब एकदम खुशीत होते.

"वा! आमच्यापेक्षा तुम्हीच रंगून सांगत होतात. अर्क कसा हो दाखवतात हातांनी?"

गप्प राहिली असती, तर त्या खोलीत कुणाला पत्ता लागणार होता? पण आज गप्प राहायचा तिला मनस्वी कंटाळा आला होता.

"अर्क दाखवलाच नाही, साहेब. तुमचं एकही वाक्य सांगितलं नाही मी. तुम्ही बाजूला सारलंत, ते सगळं सांगितलं."

निर्मात्याने कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण!"

साहेब लालबुंद झाले. "उद्यापासून ही बाई मला इथे दिसता कामा नये!"

"उद्या कशाला? ही निघालेच." दारातून ती वळली. "आणि डॉक्टर, नाडी बघायची असते. नाड्या नाही."

सरकारी दवाखान्याचा हॉल माणसांनी भरला होता, तरी आवाज कसला तो नव्हता. जिकडे तिकडे हात चालले होते. कडेवर मूल घेतलेला बाप एका हाताने बोलत होता. एक गरोदर मुलगी नवऱ्याला खुणांनीच दटावत होती. भिंतीजवळच्या बाकावर आई होती, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली, बाजूला शेजारचे काका. लेक दिसताच आईने आधी तक्रार केली.

"आज हात थरथरत होते तुझे."

"पहिल्यांदाच माझं स्वतःचं बोलत होते ना!"

"थरथरू देत. मला कळलं सगळं." आईने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

केसपेपरच्या खिडकीतून एका बाईने मान बाहेर काढली. "अहो, तुम्हाला यांचं कळतं? देवासारख्या आलात! सकाळी इथली रांग पार रस्त्यावर गेली होती. मग अकराच्या सुमाराला लोकांनी मोबाइलवर काहीतरी ऐकलं आणि सगळे उठून घरी गेले. तेव्हापासून येताहेत ते फक्त हेच. कान शाबूत असलेले एकदम बरे झाले वाटतं!"